मनमोहनरावांनी केस पांढरे केले त्याची गोष्ट

'हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत,' असं चार माणसांत छाती काढून म्हणण्याची सोय पांडोबाच्या वाडीतल्या अजिंक्य घराण्यात कुणालाच नव्हती. कारण अजिंक्यांचे केस पांढरे होतच नसत. मनमोहनरावांचे वडील सत्तरी उलटून गेले ते काळ्याभोर केसांनिशी, आणि चंदनवाडीच्या स्मशानात जमलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी 'तरुण माणूस गेला हो' म्हणून हळहळ केली, अशी आठवण मनमोहनराव स्वतःच अभिमानानं सांगत. एके काळी गिरगावात अजिंक्यांच्या मालकीची माडांची वाडी होती, दारात घोडागाडी होती. माड गेले, घोडा गेला, गाडी गेली. दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या तीन खोल्या आणि बोटकंपनीतली हेडक्लार्कची खुर्ची तेवढी उरली. घराण्याची म्हणून जी काही इस्टेट शिल्लक होती ती मनमोहनरावांच्या डोक्यावर होती. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला नीट दिसेल अशा बेतानं, ते ती विंचरत.

असा हा माणूस आपण होऊन आपल्या केसांच्या जिवावर का उठला? तर त्याला नाना कारण.

नाना म्हणजे वाडीचे नाटककार. निवृत्त शाळामास्तर. दर गणेशोत्सवात मंडळ जे ऐतिहासिक नाटक करी ते नानांचंच असे, आणि नानांच्या प्रत्येक नाटकात एक वयोवृद्ध देशमुख असे, आणि तो देशमुख तिसऱ्या अंकाच्या शेवटी दिल्लीच्या बादशहाच्या सुभेदारापुढे पगडी उतरवून रयतेसाठी अभय मागे. नाटकाचं नाव बदले, लढाई बदले, किल्ला बदले. पगडी मात्र उतरायचीच. त्या प्रसंगाला बायका पदर डोळ्यांना लावत, आणि नाना विंगेत उभे राहून किती पदर वर गेले ते बघत.

आदल्या वर्षी देशमुख होते मनमोहनराव. काळ्या केसांवर पांढऱ्या केसांचा टोप, टोपावर पगडी. तिसरा अंक आला, मनमोहनरावांनी कंठ दाटून आणून पगडी सुभेदाराच्या पायांवर ठेवली, आणि पगडीबरोबर टोपही खाली गेला. ऐंशी वर्षांच्या थकल्याभागल्या देशमुखाच्या डोक्यावर अजिंक्यांचे काळेभोर केस दिव्यांच्या उजेडात झळकले. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!"

त्या दिवसापासून मनमोहनरावांचं नाव 'वन्समोर' पडलं. दूधवाला हिशेब 'वन्समोरसाहेबां'च्या नावावर मांडू लागला. उर्मिलाबाई भुलेश्वरला भाजीला गेल्या तर भाजीवाली शेजारणीला सांगे, "ती बघ, वन्समोरांची बायको." उर्मिलाबाई घरी येऊन काही बोलत नसत, पण त्या दिवशीच्या आमटीत मीठ जास्त पडे.

तेव्हा यंदाचं नाटक ठरलं तसे मनमोहनराव नानांच्या घरी जाऊन बसले. हा डाग धुऊन काढायचा तर त्याच मांडवात, त्याच अंकात, त्याच पगडीनं धुऊन काढायला हवा होता. पण नानांच्या मनात यंदा देशमुख द्यायचा होता अच्युतराव कीर्तिकरांना. अच्युतराव ब्यांकेत होते आणि त्यांच्या टकलाभोवती पांढऱ्या केसांची झालर होती.

"निसर्गानंच रंगवून पाठवलाय हो माणूस," नाना म्हणाले. "तुम्ही सुभेदार करा."

"नाना, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

"माझ्या तिसऱ्या अंकाचा आहे." नानांनी बराच वेळ चष्मा पुसला. ते मनाचे मऊ होते. "बरं, एका अटीवर. टोप नाही. पावडर नाही, तीन वर्षांपूर्वीच्या नाटकात देशमुखाची पावडर उडून सुभेदाराला शिंका आल्या होत्या. पगडीखालून जे निघेल ते तुमचं स्वतःचं पाहिजे आणि पांढरं पाहिजे. नाहीतर देशमुख अच्युतराव."

"मंजूर," मनमोहनराव म्हणाले, आणि जिना उतरताना आपण काय मंजूर केलं याचा विचार करू लागले.

उत्तर हापिसातच बसलेलं होतं, टाइपरायटरपुढे. मिस पिंटोचे केस जन्मतः काळे होते आणि गेल्या नाताळापासून सोनेरी होते हे साऱ्या बोटकंपनीला माहीत होतं. मनमोहनरावांनी खोकत, खाकरत, आपल्या एका दूरच्या नातेवाइकासाठी म्हणून चौकशी केली. मिस पिंटोनं सांगितलं : केमिस्टकडे मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात अमोनियाचे थेंब, थोडा वेळ ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. बस.

आता इथं हेडक्लार्कचं डोकं चाललं. एकदा लावलं की काळ्याचं सोनं होतं. मग दुसऱ्यांदा लावलं की सोन्याची चांदी झालीच पाहिजे. चांदी म्हणजे पांढरं. हा हिशेब त्यांनी हापिसातल्या कुठल्याही हिशेबासारखाच दोनदा तपासून पाहिला आणि दोन्ही वेळा बरोबर आला.

कोपऱ्यावरच्या केमिस्टचा कंपाउंडर हे औषध कानातला मळ काढण्यासाठी देत असे. मनमोहनरावांनी मोठी बाटली मागितली तेव्हा तो म्हणाला, "एवढं? घरात कान किती आहेत तुमच्या?"

उर्मिलाबाई माहेरी माहीमला हळदीकुंकवाला गेल्या असताना मोरीत हा कारभार पार पडला. डोक्यावर फेस आला, चुरचुर झाली, डोळ्यांतून पाणी आलं. पण कलेसाठी माणसं याहून जास्त सोसतात असं म्हणून मनमोहनराव बसून राहिले. धुतल्यावर आरशात पाहिलं तर सोनं कुठलं? घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळाचा रंग होता तो. हिशेबाप्रमाणे अजून एक हप्ता बाकी होता. त्यांनी उरलेली बाटली ओतली आणि या खेपेला, कमी पडायला नको म्हणून, जास्त वेळ ठेवली.

उर्मिलाबाई परत आल्या तेव्हा आतल्या खोलीत एक तांबूसपिवळ्या केसांचा इसम पाठमोरा बसला होता. त्यांनी आधी "कोण पाहिजे आपल्याला?" असं विचारलं, मग पदर सावरला, आणि मग हातातली ओटी खाली ठेवून दिली.

"अहो! हे काय करून घेतलंत?"

"चांदी व्हायची होती," मनमोहनराव म्हणाले. "मध्येच थांबली."

उर्मिलाबाईंनी त्यांच्या केसांना हात लावला. नारळाच्या काथ्याला लावावा तसा तो लागला. फणी घातली तर फणीच्या दातांत मूठभर तुकडे आले, मुळापासून तुटलेले नव्हे, मधोमध मोडलेले. सासरच्या इस्टेटीपैकी उर्मिलाबाईंच्या वाट्याला आलेला ऐवज तेवढाच होता. त्या मोठ्यानं रडल्या नाहीत. त्यांनी रिकामी बाटली उचलून खालच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकली, वर आल्या, आणि म्हणाल्या, "आजपासून या डोक्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी मनमोहनराव टोपी कानांपर्यंत ओढून हापिसात गेले. मिस पिंटोनं टोपीखाली एक नजर टाकली. "मिस्टर अजिंक्य," ती म्हणाली, "दूरचा नातेवाईक तुमचा डोकाच वापरते काय? दोन टाइम लगाया? पागल है क्या तुम?" पण बाई मनानं चांगली. तिनं एका कागदावर सगळं टाइप करून दिलं : साबण बंद, कढत पाणी बंद, ऊन बंद, ओल्या केसांत फणी बंद, आणि तेल, तेल, तेल. उर्मिलाबाईंनी तो कागद देव्हाऱ्याजवळ लावला.

आषाढ लागला आणि अजिंक्यांच्या घरी केसांचा दवाखाना सुरू झाला. खोबरेल तेलात जास्वंदीची फुलं आणि माका उकळून, गाळून, ते कोमट तेल रोज संध्याकाळी बोटांच्या टोकांनी मुरवायचं. वर जुन्या धोतराचा मऊ फडका बांधायचा. रविवारी दही आणि केळं कुस्करून. शिकेकाईनं केस कोरडे होतात म्हणून तीही बंद. नुसतं बेसन आणि ताक. विंचरायला सागवानी रुंद दातांची फणी, तीही खालच्या टोकापासून वर. मोडलेली टोकं उर्मिलाबाई स्वतः शिवणाच्या कात्रीनं छाटत, आणि छाटताना श्वास रोखून धरत.

वाडीतली कुठलीच गोष्ट झाकून राहत नाही, आणि डोक्यावरची तर नाहीच नाही. तळमजल्यावरच्या बकुळाबाई रोज वर येऊन सांगत, "मनमोहनभाऊ, अंड्याचं पांढरं लावा. माझ्या दिरांचे केस टायफॉइडात गेले होते, अंड्यानं परत आले." दिरांना सगळ्यांनी पाहिलेलं होतं. परत आलेले केस त्यांनी कुठे ठेवले होते हे मात्र कळत नसे. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या सरोजिनी प्रधान मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत. त्यांचं म्हणणं, जवस उकळून त्याचा चिकट रस लावला की केस कसे रेशमासारखे बसतात. अच्युतराव कीर्तिकर येत, काही सुचवत नसत, नुसते टकलावरून हात फिरवत आणि म्हणत, "माझं बरं आहे. काळजीच नाही." मनमोहनरावांना दोन्ही बायकांपेक्षा याचाच राग जास्त येई.

अशात नाटकाच्या परवानगीचं काम निघालं. मंडळात इंग्रजी बोलणारे मनमोहनरावच, तेव्हा संहिता घेऊन पोलीस कचेरीत जाणं त्यांच्याकडे आलं. दिवस असे की भिंती 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'नं भरलेल्या, चौपाटीवर रोज सभा, आणि मराठी माणूस नुसता शिंकला तरी सरकारला त्यात घोषणा ऐकू यायची. कचेरीतल्या अधिकाऱ्यानं संहिता चाळली, मग मान वर केली.

"टोपी काढा."

मनमोहनरावांनी टोपी काढली. अधिकारी खुर्चीत सरळ बसला.

"हा रंग कुठल्या पक्षाचा?"

"कुठल्याच नाही. हा औषधाचा आहे."

"भगवा दिसतो."

"तांबूस आहे, साहेब. संध्याकाळच्या उन्हात तर पिवळाच दिसतो."

शेवटी डोक्यावरील रंग राजकीय नाही, असं मनमोहनरावांना सहीनिशी लिहून द्यावं लागलं. अजिंक्यांच्या घराण्यात याआधी कागदांवर सह्या झाल्या त्या माडांची वाडी विकताना. केसांबद्दल ही पहिलीच. वर अधिकाऱ्यानं बजावलं, की शिक्का मारलेल्या संहितेतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुढच्या वर्षी मांडव विसरा. आणि संहिता घेऊन आमचा हवालदार पहिल्या रांगेत बसेल.

त्याच आठवड्यात दुसरा प्रकार झाला. मनमोहनराव डोक्याला तेलाचा फडका बांधून गॅलरीत बसले होते. जास्वंदीच्या तेलाचे तांबडे डाग फडक्यावर उमटले होते. खालून मोर्चा चालला होता, गिरणगावातून आलेला, लाल बावटे, भगवे झेंडे, डफ. पुढच्या एका गड्याचं लक्ष वर गेलं. त्यानं डोक्याचा फडका बघितला, डाग बघितले, आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "लाठीमारात जखमी झालेल्या वीराचा…"

"विजय असो!" रस्ता गरजला.

शेकडो माणसं मान वर करून बघू लागली. 'अहो, हे जास्वंदीचं तेल आहे' असं दुसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगायचं कसं? मनमोहनरावांनी हात वर केला. मोर्चानं टाळ्या पिटल्या. उर्मिलाबाईंनी सदऱ्याला धरून त्यांना आत ओढलं.

आत येऊन ते पलंगावर बसले. चळवळीसाठी त्यांनी आजवर केलं काय होतं? सभेला मागे उभं राहून टाळ्या, आणि शेवटच्या भाषणाआधी जेवायला घरी. त्या गिरणीतल्या माणसांनी गोळीबारात माणसं गमावली होती, आणि त्यांनी विजय मागितला तो खोबरेल तेलाचा. मनमोहनरावांना फार ओशाळवाणं वाटलं. "असा मान नको मला," ते म्हणाले. उर्मिलाबाईंनी फडका घट्ट केला. "मग खरा मिळवा," त्या म्हणाल्या. "नाटकात नीट पगडी काढा."

श्रावण संपेपर्यंत उर्मिलाबाईंच्या हातांना यश आलं. केस मोडायचे थांबले. काथ्या होता त्याचा निदान कापूस झाला, आणि मुळाशी बोटाच्या पेराएवढे अजिंक्यांचे काळे केस पुन्हा उगवले. दिसायला मोठं चमत्कारिक होतं, खाली काळं आणि वर तांबूस, पण हात फिरवला की मऊ लागे. उर्मिलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हात फिरवून बघायला लावत. स्वतःच्या केसांचं त्यांनी कधी एवढं कौतुक करून घेतलं नव्हतं. नाना बघायला आले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला.

"पांढरे ठरले होते."

"स्वतःचे आहेत ना?" उर्मिलाबाई म्हणाल्या. "दोन महिने वाढवलेत मी. वरून सफेद्याचा पांढरा हात मारा हवा तर, पण देशमुख हेच."

उर्मिलाबाईंपुढे नानांचं चालत नसे. त्यांना त्यांच्या हातची कोलंबीची खिचडी आवडे.

प्रयोगाच्या संध्याकाळी उर्मिलाबाईंनी केस ताकानं धुतले, वाऱ्यावर वाळवले, आणि बजावलं, "आता याला काही लावायचं नाही. रंगवायला येणारा कोंडीराम वरून सफेदा लावेल तेवढाच." आणि त्या पहिल्या रांगेतली जागा धरायला गेल्या.

चूक झाली ती इथं. ताज्या धुतलेल्या, वाळलेल्या केसांनी रंगपटात बंड केलं. ते एकेक करून उभे राहिले. त्याच वेळी बकुळाबाई वाटी घेऊन आल्या. "भाऊ, आज तरी नाही म्हणू नका. खास तुमच्यासाठी अंडं फोडलंय." शेजारीण, त्यात वयानं मोठी, तिला नाही कसं म्हणायचं? लावून घेतलं. त्या वळल्या तोच सरोजिनीबाई बाटली घेऊन हजर. त्यांना 'आत्ताच बकुळाबाईंचं लावलं' असं सांगावं तर त्यांना वाईट वाटणार. दोघींचं आधीच नळावरून वाकडं होतं. तेव्हा मनमोहनराव काही बोलले नाहीत, आणि जवसाचा रसही वर चढला. पांडोबाच्या वाडीत कुणी कुणाचं मन मोडत नाही, ही वाडीची जुनी रीत आहे आणि वाडीतल्या निम्म्या भानगडी त्याच रीतीतून झालेल्या आहेत.

मग आला कोंडीराम. लालबागचा. दाढ्या-मिशा, टोप, पगड्या सगळं त्याचंच.

"सायब, सफेदा नुसता ऱ्हात न्हाय. उडतोय. मी त्यात दाढीचा गोंद घातलाय वाईच. हलू नका."

"कोंडीराम, आधी थोडं काही लावलंय रे…"

"कायबी असूं द्या. गोंद समद्याला धरतोय."

ओलं आहे तोवर घंटा झाली. नाना ओरडत आले, "पगडी! पगडी!" आणि कोंडीरामनं पगडी घेऊन ती दोन्ही हातांनी दाबून बसवली.

पहिला अंक झाला, दुसरा झाला. वर दिवे तापत होते. मनमोहनराव यंदा असे काही बोलत होते, की मागच्या रांगांनी शेंगदाणे खायचं थांबवलं. तिसरा अंक आला. सुभेदार झालेले अच्युतराव सिंहासनावर बसले होते, टकलावर फेटा आणि गालावर तीळ. हवालदार पहिल्या रांगेत शिक्क्याच्या संहितेवर बोट ठेवून ओळ ओळ पुढे सरकत होता. उर्मिलाबाईंनी हात जोडले होते.

"सुभेदार," मनमोहनराव म्हणाले, "सात पिढ्यांची ही पगडी आज तुमच्या पायांवर ठेवतो. माझ्या रयतेला अभय द्या!" आणि त्यांनी दोन्ही हात पगडीला घातले.

पगडी हलली नाही.

त्यांनी पुन्हा ओढली. कपाळाचं कातडं वर आलं, भिवया वर गेल्या, पगडी जागच्या जागी. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वन्समोर…" आणि एक हसू फुटता फुटता दबलं. मनमोहनरावांना ते ऐकू आलं. एक वर्षभर ऐकलेलं होतं ते.

"अहो, काढा ना!" अच्युतराव ओठ न हलवता म्हणाले.

"निघत नाही."

"काय?"

"निघत नाही म्हणतो ना!"

हे शेवटचं जरा मोठ्यानं झालं. मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ते पोचलं, आणि तिथल्या माणसांनी माना ताठ केल्या. हवालदाराचं बोट ओळीवर थांबलं. अच्युतरावांना काय करावं सुचेना. सुभेदारच तो, ते उठले, आणि "निघत नाही म्हणजे? उतरव ती पगडी, बुढ्ढ्या!" असं ओरडून त्यांनी स्वतःच दोन्ही हातांनी पगडी धरली आणि हिसका दिला.

मनमोहनरावांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मुळाशी कळ गेली. ज्या केसांना उर्मिलेनं दोन महिने फुलासारखं जपलं, ज्यांची टोकं छाटताना ती श्वास रोखून धरी, त्यांना हा ब्यांकेतला टकल्या खसाखसा ओढतो आहे! अजिंक्यांच्या सात पिढ्या त्यांच्या अंगात आल्या. त्यांनी अच्युतरावांचे हात झटकून टाकले आणि ते असे गरजले, की विंगेत नानांच्या हातातून संहिता पडली.

"हात काढा, सुभेदार! ही पगडी उतरत नाही! मी काढून उतरत नाही, तुम्ही ओढून उतरत नाही, दिल्लीहून खुद्द बादशहा आला तरी उतरत नाही!"

यातला शब्दन् शब्द खरा होता. पण मांडवाला खरं-खोटं करायला वेळ नव्हता. 'दिल्ली' हा शब्द कानावर पडला मात्र, आणि सगळा मांडव एका अंगानं उभा राहिला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र…" "झालाच पाहिजे!" टोप्या उडाल्या, शेंगदाण्यांच्या पुड्या उडाल्या, बायका पदर विसरून टाळ्या वाजवू लागल्या. हवालदार रत्नागिरीकडचा होता. त्यानं संहिता चाळली, ती ओळ कुठे सापडली नाही, मग संहिता खुर्चीखाली ठेवली आणि तोही टाळ्या वाजवू लागला. नाटक मंजूर संहितेबरहुकूम झालं, असं त्यानं नंतर वर कळवलं.

आणि मग मागच्या रांगेतून, जिथून आदल्या वर्षी आला होता तिथूनच, आवाज आला : "वन्स मोर!"

सगळा मांडव म्हणू लागला, "वन्स मोर! वन्स मोर!"

त्या दोन शब्दांनी वर्षभर मनमोहनरावांचा जिन्यात, नळावर, हापिसात पाठलाग केला होता. तेच शब्द आणि तीच माणसं. पण आज कुणी हसत नव्हतं. पहिल्या रांगेत उर्मिलाबाई उभ्या होत्या, डोळे भरलेले, मान ताठ. मनमोहनरावांनी अच्युतरावांकडे पाहिलं. अच्युतराव भला माणूस. ते पुढे झाले आणि त्यांनी पुन्हा पगडी धरली, या खेपेला अलगद. आणि मनमोहनरावांनी तीच वाक्यं पुन्हा टाकली, पहिल्याहून संथ, पहिल्याहून मोठ्यानं. पगडी याही वेळी उतरली नाही.

चौथा अंक झालाच नाही. देशमुख वाकलाच नाही तर पुढे अभय कसलं आणि वचनभंग कसला? नानांनी पडदा टाकला. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना सांगत होते, की हा शेवट त्यांच्या मनात फार वर्षांपासून होता.

रात्री मनमोहनराव पगडीसकट उशीला टेकून बसल्या बसल्या झोपले. सकाळी दारात कोंडीराम हजर. "सायब, पगडी परळच्या मंडळाला द्यायचीय दुपारच्याला." त्याला चहा देऊन उर्मिलाबाईंनी बाहेर बसवलं आणि कोमट पाणी, खोबरेल तेल, फडका असं सगळं घेऊन त्या मोरीशी आल्या. मनमोहनराव पाटावर बसले. उर्मिलाबाई मात्र हात लावीनात.

"भर मांडवात सांगितलंत ना, दिल्लीहून बादशहा आला तरी उतरत नाही?"

"सांगितलं."

"आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काही लावायचं नाही असं मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

"मग आता मी का उतरवू?"

मनमोहनरावांनी मान खाली घातली. "मी बादशहाचं बोललो होतो," ते म्हणाले. "तुझं नाव घेतलं नव्हतं."

उर्मिलाबाई हसल्या. वर्षभरात त्या अशा हसल्या नव्हत्या. मग त्यांनी कडेकडेनं तेल सोडत, कोमट पाण्याची धार धरत, बोटांनी अंडं, जवस आणि गोंद यांचे थर सोडवले, आणि बऱ्याच वेळानं पगडी अलगद हातात आली. तांबूस टोकं पुष्कळशी तिच्याबरोबर गेली. खाली राहिले ते नवे, काळे, अजिंक्यांचे. आणि त्यांत, अगदी भांगाशी, एक निराळाच चमकत होता.

"सफेदा राहिला वाटतं," म्हणत उर्मिलाबाईंनी तो पुसला. तो जाईना. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हा मुळापासून पांढरा आहे."

अजिंक्यांच्या घराण्यातला पहिला पांढरा केस. पेरॉक्साइडनं जे साधलं नाही ते या दोन महिन्यांनी साधलं होतं. उर्मिलाबाईंनी तो उपटायला चिमूट धरली, पण मनमोहनरावांनी त्यांचा हात धरला.

थोड्या वेळानं ते गॅलरीत उभे राहून नेहमीसारखे केस विंचरू लागले. खालून अच्युतराव ब्यांकेत चालले होते. वर बघून म्हणाले, "काय मनमोहनराव! उतरली का एकदाची? आणि भांगात काय चमकतंय हो, सफेदा राहिला की काय?"

मनमोहनराव कठड्यावर रेलले, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला, आणि म्हणाले, "अच्युतराव, हा केस काही उन्हात पांढरा झालेला नाही!"